पेकिंगच्या मनोऱ्यातील चिनी सुरावटी : घंटा, विहार आणि संगीत

घंटा हे वाद्य मानावयाचे की केवळ संकेताचे साधन, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. देवळाच्या उंबरठ्यावर एक टोला, विहारात वंदनेच्या वेळी एक नाद, शाळा सुटताना काही ठोके, एवढ्यावर आपला घंटेशी असलेला संबंध संपतो. चीनमध्ये मात्र हा प्रश्न दोन सहस्रकांहून अधिक काळ विचारला गेला आहे आणि त्याची उत्तरे वेगवेगळ्या काळी वेगवेगळी आली आहेत. त्यांपैकी एक उत्तर १७ व्या शतकाच्या उत्तरार्धात पेकिंगमधील एका ख्रिस्ती मंदिराच्या मनोऱ्यात दिले गेले. तेथे युरोपीय पद्धतीच्या स्वरघंटांवर चिनी सुरावटी वाजू लागल्या. प्रस्तुत लेखाचा विषय ही घटना आणि तिच्या मागचा-पुढचा इतिहास हा आहे. या इतिहासाच्या वाटेवर बौद्ध विहाराची घंटा आपणांस वारंवार भेटते. तिच्यावर एक आरोपही ठेवला जातो. त्याचीही येथे तपासणी करावयाची आहे.

युरोपच्या वायव्य भागात, म्हणजे आजच्या बेल्जियम व नेदरलँड्स या देशांत, नगरांच्या मनोऱ्यांवर स्वरांत लावलेल्या घंटांचे समूह टांगण्याची प्रथा १६ व्या शतकापासून दृढ झाली. या समूहाला कॅरिलॉन असे म्हणतात. आजच्या रूढ व्याख्येनुसार त्यात निदान २३ घंटा असाव्या लागतात. घंटा स्वतः हलत नाहीत; त्यांचे लोलक तारांनी खालच्या मजल्यावरील लाकडी दांड्यांना जोडलेले असतात आणि वादक त्या दांड्यांवर मिटलेल्या मुठीने आघात करतो. याशिवाय दुसरी, अधिक जुनी योजना अशी की, एका मोठ्या दंडगोलावर खुंट्या बसवावयाच्या, घड्याळाच्या यंत्राने तो फिरवावयाचा आणि फिरता फिरता त्या खुंट्यांनी हातोड्या उचलून घंटांवर टाकावयाच्या. तासाचा ठोका पडण्यापूर्वी नगरवासीयांना सावध करणारी एखादी छोटी सुरावट अशा रीतीने आपोआप वाजत असे. मुंबईकर वाचकांना हे सर्वस्वी अपरिचित नाही. १८७८ साली पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्यात अशीच यंत्रयोजना होती आणि एके काळी तेथून १६ निरनिराळ्या इंग्रजी सुरावटी वाजत असत.

घंटा स्वरात लावण्याची विद्या युरोपातही सहज साध्य झाली नाही. ओतलेली घंटा नेमक्या स्वराची निघेल याची शाश्वती नसे. याकोब व्हान आयक या अंध वादकाच्या सूक्ष्म श्रवणशक्तीचे साहाय्य घेऊन फ्रांस्वा व पीटर हेमोनी या बंधूंनी १६४४ साली झुत्फेन या गावासाठी पहिला खऱ्या अर्थाने सुस्वर असा घंटासमूह तयार केला. घंटेच्या आतील बाजूचे धातू नेमक्या जागी खरवडून तिचे निरनिराळे उपस्वर मार्गावर आणणे हे त्यांचे तंत्र होते. हा सन ध्यानात ठेवावा. कारण पेकिंगच्या मनोऱ्यातील प्रयोग त्यानंतर चार दशकांच्या आतच झाला.

हा प्रयोग करणारा तोमास परेरा हा पोर्तुगालच्या उत्तर भागात जन्मलेला जेझुइट होता. १६६३ साली त्याने संघप्रवेश केला आणि १६६६ साली तो पूर्वेकडे येण्यास निघाला. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते हेच वर्ष. त्याचे पुढील शिक्षण गोव्यात झाले. १६७२ साली तो मकाव येथे व १६७३ च्या आरंभी पेकिंगला पोहोचला. १७०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. चिनी कागदपत्रांत तो श्यु रिशंग या नावाने ओळखला जातो. रशिया व चीन यांच्यातील १६८९ च्या नेर्चिन्स्क तहाच्या वाटाघाटींत दुभाष्या म्हणून त्याने केलेल्या कामामुळे राजकीय इतिहासात त्याचे नाव राहिले. परंतु कांगशी सम्राटाच्या दरबारात त्याला प्रवेश मिळाला तो संगीतामुळे.

दरबारातील एक प्रसंग जेझुइटांच्या वृत्तांतांत आवर्जून सांगितलेला आढळतो. सम्राटाने एक चिनी सुरावट वाजवून दाखविली. परेराने ती ऐकता ऐकता युरोपीय स्वरलिपीत टिपून घेतली आणि लगेच जशीच्या तशी परत ऐकविली. दरबारी संगीतकार एखादी रचना गुरुमुखातून पुनःपुन्हा ऐकून आत्मसात करीत. परदेशी मनुष्याने ती एका श्रवणात कागदावर उतरवावी याचे सम्राटाला नवल वाटले. या प्रसंगाला मी फार महत्त्व देतो, ते परेराच्या चातुर्यासाठी नव्हे. यापूर्वी १६०१ साली मात्तेओ रिची याने वान्ली सम्राटास तंतुवाद्य भेट दिले तेव्हा त्याबरोबर गाण्यासाठी त्याने स्वतःच्या धर्माचा आशय असलेली आठ चिनी गीते रचली होती. म्हणजे वाद्य युरोपचे आणि उपदेशही युरोपचा, फक्त शब्द चिनी. परेराच्या वेळी प्रवाह उलट दिशेने वाहिला. सुरावट चीनची होती आणि तिला जागा करून द्यावयाची होती ती युरोपीय वाद्याने.

मनोऱ्याचे वर्णन आपल्याला फर्दिनांद व्हर्बीस्त याच्या 'आस्त्रोनोमिया एउरोपेआ' या १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या लॅटिन ग्रंथात मिळते. व्हर्बीस्त हा मूळचा फ्लँडर्सचा. १६४१ साली मेखेलन या नगरात त्याने जेझुइट संघात प्रवेश केला होता. पुढे १९२२ मध्ये कॅरिलॉनवादनाचे पहिले विद्यालय ज्या नगरात निघाले तेच हे मेखेलन. मनोऱ्यांतील घंटांचे सूर त्याच्या कानात बालपणापासून होते, म्हणून त्याचे वर्णन ऐकीव वाटत नाही. तो सांगतो, की परेराने मंदिराच्या दर्शनी मनोऱ्याच्या चारी बाजूंनी खुल्या असलेल्या भागात स्वरप्रमाणानुसार घडविलेल्या लहान घंटा टांगल्या, प्रत्येकीच्या हातोडीला लोखंडी तार जोडली आणि खालच्या पोकळीत एक दंडगोल बसविला. त्याच्यावर चिनी सुरावटी कालमानाच्या प्रमाणात अंतरे राखून खुंट्यांनी मांडलेल्या होत्या. तास होण्याची वेळ जवळ आली की दंडगोल आपोआप सुटे, वजनाच्या ओढीने फिरे आणि घंटांवर चिनी सुरावट वाजे. ती संपताच मोठी घंटा गंभीर स्वरात तासाचे ठोके देई. हे ऐकण्यास लोटणाऱ्या गर्दीला मंदिरापुढील प्रशस्त मोकळी जागा पुरत नसे, असेही तो नमूद करतो. मिशनऱ्यांच्या वृत्तांतांत अशा गर्दीची वर्णने थोडी सढळ हाताने केलेली असतात हे खरे. तथापि आपल्या परिचयाची धून आकाशातून येताना ऐकून रस्त्यावरचा मनुष्य थांबला असेल, यात अविश्वसनीय काही नाही.

आता थोडे तांत्रिक बाजूकडे वळू. चिनी सुरावट घंटांवर बसविणे म्हणजे नेमके काय करणे?

पहिली अडचण लिपीची आहे. चिनी संगीतात रूढ असलेल्या गुंगछ नावाच्या स्वरलिपीत स्वर व तालाचे मुख्य आघात एवढेच दिलेले असतात. ती रचनेचा सांगाडा देते. वादकाने त्या सांगाड्याला आपल्या वाद्याच्या प्रकृतीनुसार मांस-त्वचा द्यावयाची असते. चिनी वादक याला फुले चढविणे असे म्हणतात. बासरीवाला एक प्रकारे फुले चढवील, सारंगीच्या जातीचे अर्हू वाजविणारा दुसऱ्या प्रकारे, आणि दोघे एकत्र बसले तर दोन्ही रूपे एकाच वेळी ऐकू येतील. आपल्याकडे चीज एक पण गायकी निराळी, तसेच हे. दंडगोलावरील खुंटी मात्र एकदा ठोकली की हलत नाही. परेराला कोणते तरी एक रूप निवडून ते धातूत बांधून टाकावे लागले असणार. वाहते संगीत थांबविल्याखेरीज त्याचे स्थलांतर झाले नाही, असे म्हणावे लागते.

दुसरी अडचण स्वतः घंटेची. युरोपीय घंटेवर आघात केला असता एक स्वर ऐकू येत नाही. अनेक ऐकू येतात. ज्याला आपण तिचा षड्ज समजतो त्याच्या खाली एक सप्तक एक गुंजारव असतो, वर पंचम व तार षड्ज असतात आणि या सर्वांच्या मध्ये एक ठळक कोमल गंधार असतो. हा कोमल गंधार हेच युरोपीय घंटेच्या विषण्ण नादाचे रहस्य होय. चिनी लोकसंगीताचा मुख्य आधार पाच स्वरांचा. कुंग, शांग, ज्वे, ची, यू ही त्यांची नावे. आपल्या भाषेत सा, रे, ग, प, ध, म्हणजे भूप रागाचे स्वर. यातील गंधार शुद्ध आहे. तेव्हा षड्जाची मोठी घंटा वाजवून तिच्यावर सुरावटीचा शुद्ध गंधार ठेवला की खालच्या घंटेतील कोमल गंधार त्याच्याशी भांडू लागतो. स्वररचनाकार अशा वेळी षड्ज खाली न ठेवता तो आधी विरून जाऊ देतो, किंवा आधाराला पंचम वा धैवत घेतो.

पाचही स्वर तपासून पाहिले तर एक गंमत आढळते. सा, रे आणि प यांच्या घंटांतून निघणारे कोमल गंधाराच्या अंतरावरचे उपस्वर पंचस्वरी सप्तकाच्या बाहेर पडतात. ग आणि ध यांच्या घंटांचे उपस्वर मात्र अनुक्रमे प आणि सा यांवर पडतात, म्हणजे सुरावटीच्या आतच राहतात. त्यामुळे धैवताला आधारस्वर मानणाऱ्या, ज्यांना चिनी परंपरेत यू वळणाच्या म्हणतात त्या सुरावटी युरोपीय घंटांवर स्वाभाविकपणे शोभतात. घंटा जणू स्वतःच त्यांना साथ देते. उलट कुंग वळणाच्या प्रसन्न सुरावटींवर घंटा नकळत एक उदास छाया पसरविते. १९८५ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये संगणकाच्या साहाय्याने आकार ठरवून शुद्ध गंधाराचा उपस्वर देणारी घंटा ओतण्यात आली. पण जुन्या मनोऱ्यांतून आजही कोमल गंधाराच्याच घंटा आहेत. पंचस्वरी संगीताचा दुसरा लाभ असा, की त्यात अर्धस्वराचे अंतर कोठेच नाही. कॅरिलॉनची घंटा एकदा वाजली की तिला थांबविण्याची सोय नसते. मागच्या स्वराचा नाद पुढच्या स्वरावर पसरतो. लगतचे दोन अर्धस्वर असे एकमेकांवर आले तर कान किटतात. पाच स्वरांत ही आपत्ती उद्भवत नाही. मींड व आंदोलन यांना मात्र येथे कायमचा निरोप द्यावा लागतो. छिन या सप्ततंत्री वाद्यावर डाव्या हाताचे बोट सरकवून जे काही साधले जाते, त्याचा घंटेवर मागमूसही उरत नाही.

नाद लांबण्याची ही अडचण चिनी विद्वानांना परेराच्या सहाशे वर्षे आधीच कळली होती. सुंग काळातील बहुश्रुत अधिकारी शेन क्वो (१०३१–१०९५) याने आपल्या निबंधसंग्रहात प्राचीन वाद्यघंटांचे निरीक्षण नोंदविले आहे. प्राचीन काळच्या घंटा दोन कौले तोंडाला तोंड लावून ठेवावीत तशा चपट्या असत. चपट्या घंटेचा नाद आखूड, गोल घंटेचा लांब. गोल घंटा जलद लयीत वाजविल्या तर नादांचा गोंधळ होऊन स्वर ओळखू येत नाहीत. पुढच्या पिढ्यांना हे कळेनासे झाले आणि त्यांनी वाद्यघंटाही गोल ओतल्या, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. आधुनिक ध्वनिशास्त्राच्या कसोटीस हे निरीक्षण पूर्णपणे उतरते.

शेन क्वोला त्या जुन्या घंटांचे आणखी एक वैशिष्ट्य ज्ञात असल्याचे दिसत नाही. ते जगापुढे आले १९७८ साली. हूबेइ प्रांतात स्वेजौजवळ लेइगूदुन येथे त्सेंग या छोट्या राज्याच्या यी नामक अधिपतीची समाधी उत्खननात सापडली. तिचा काळ इ.स.पू. ४३३ च्या आसपासचा, म्हणजे आपल्याकडे तथागतांच्या काळाच्या जवळपासचा. तीत ६५ कांस्यघंटांचा समूह तीन मजली चौकटीवर टांगलेल्या स्थितीत मिळाला. घंटांचे एकूण वजन सुमारे २.५ टन, सर्वांत मोठी घंटा २०० किलोग्रॅमहून जड आणि स्वरांचा विस्तार पाच सप्तकांचा. बदामी छेदामुळे यांतील प्रत्येक घंटा दोन स्वतंत्र स्वर देते: एक मध्यभागी आघात केल्यावर, दुसरा बाजूला केल्यावर, आणि या दोहोंत कोमल किंवा शुद्ध गंधाराइतके अंतर असते. घंटांवरच त्या स्वरांची नावे कोरलेली आहेत. युरोपीय ओतारी ज्या उपस्वराला शतकानुशतके काबूत आणू पाहत होते, तोच चिनी ओताऱ्यांनी वेगळा काढून स्वतंत्र स्वर म्हणून कामाला लावला होता. ही कारागिरी थक्क करणारी आहे, यात शंका नाही.

परंतु याच समाधीत २१ तरुण स्त्रियांचे अवशेषही मिळाले. त्यांतील बहुतेकींचे वय १३ ते २५ या दरम्यानचे होते. आठ जणी राजाच्या दालनात आणि तेरा जणी दुसऱ्या एका दालनात होत्या. त्या नर्तकी व वादक असाव्यात, असे अभ्यासक मानतात. धन्याबरोबर त्यांनाही वाद्यांप्रमाणेच पुरण्यात आले. चिनी घंटासंगीताच्या सुवर्णयुगाचे गोडवे गाणाऱ्या ग्रंथांत या वस्तुस्थितीला एखादी ओळ मिळते. माझ्या मते ती अधिक जागेला पात्र आहे.

आता त्या आरोपाकडे येऊ. चपटी वाद्यघंटा गेली आणि गोल घंटा आली; गोल घंटा ही विहाराची घंटा; विहार आले ते भारतातून; सबब बौद्ध धम्माच्या आगमनाने चीनचे घंटासंगीत बुडाले, असा निष्कर्ष सहज काढला जातो. विहारातील मोठ्या घंटेला चिनी भाषेत फानचुंग म्हणतात आणि यातील 'फान' हे अक्षर 'ब्रह्म' या शब्दाचे चिनी रूप असून ते 'भारतीय' या अर्थाने वापरले जाते. शब्दानेच जणू गुन्हा कबूल केला, असे वाटावे. वस्तुतः कालक्रम या निष्कर्षाच्या विरुद्ध आहे. बदामी घंटांची परंपरा युद्धमान राज्यांच्या काळाच्या अखेरीस उतरणीला लागली होती. हान राजवटीच्या आरंभीच्या समाध्यांत अशा घंटा मिळतात. नंतर द्विस्वरी घंटा ओतण्याचे ज्ञान विरळ होत नाहीसे झाले. बौद्ध धम्माचा चीनमधील प्रवेश इ.स.च्या पहिल्या शतकातला आणि आज उपलब्ध असलेल्या सनांकित विहारघंटांपैकी सर्वांत जुनी म्हणून गणली जाणारी घंटा, जी सध्या जपानमध्ये नारा येथील संग्रहालयात आहे, ती इ.स. ५७५ ची. मृताच्या घरी पाचशे वर्षांनी आलेल्या पाहुण्यावर खुनाचा आळ घेता येत नाही. घंटासमूह बाळगणारी सरंजामी दरबारांची व्यवस्था कोसळली, आणि तिच्याबरोबर ओताऱ्यांची घराणीही गेली. माझ्या मते कारण येथेच शोधावयास हवे.

शिवाय विहाराला घंटासंगीताची अपेक्षाच नव्हती. विनयपरंपरेत भिक्खूंना एकत्र बोलाविण्यासाठी गंडी, म्हणजे आघाताने वाजवावयाचा लाकडी ठोकळा, सांगितला आहे. इत्सिंग या चिनी भिक्खूने ७ व्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या प्रवासवृत्तात नालंदा महाविहारात घटिकापात्राने वेळ मोजून नगारा व शंख यांच्या योगे ती जाहीर केली जात असे, असे वर्णन आहे. चिनी भिक्खूंनी गंडीचे ते काम घंटेकडे सोपविले. एका टोल्याचा नाद दीर्घकाळ टिकावा, दूरवर जावा आणि हळूहळू विरावा, हेच तेथे इष्ट होते. वाद्यघंटेचा जो दोष शेन क्वोने दाखविला, तोच विहारघंटेचा गुण ठरतो. मिंग काळात युंगल सम्राटाच्या कारकिर्दीत (१४०३–१४२४) ओतलेली आणि आज पेकिंगच्या महाघंटा विहारात असलेली प्रचंड घंटा या विचाराची परिसीमा होय. तिचे वजन सुमारे ४६.५ टन असून तिच्या आत-बाहेर सूत्रे व धारणी यांची दोन लाखांहून अधिक अक्षरे ओतलेली आहेत. ती एकच स्वर देते. प्रत्येक टोल्यासरशी तिच्यावरील सर्व सूत्रांचे पठण घडते, अशी भाविकांची धारणा.

याचा अर्थ चिनी बौद्धांना स्वररचनेच्या प्रश्नांची जाण नव्हती असा मात्र नव्हे. उलट एका भूमीची सुरावट दुसऱ्या भूमीच्या साधनावर बसविताना काय होते, याचा चीनमधील पहिला स्पष्ट विचार एका भिक्खूनेच केलेला आढळतो. 'उच्चकोटीच्या भिक्खूंची चरित्रे' हा विख्यात ग्रंथ रचणारा ह्वेइज्याओ (४९७–५५४) सूत्रपठणाच्या प्रकरणात म्हणतो, की संस्कृत शब्द अनेक अक्षरांचे, चिनी शब्द एकाक्षरी. भारतीय सुरावटीवर चिनी गाथा म्हटली तर सूर पुष्कळ उरतात आणि शब्द अपुरे पडतात. चिनी चालीवर संस्कृत म्हटले तर चाल संपते आणि शब्द उरतात. म्हणून सूत्रांची भाषांतरे झाली, पण त्यांच्या चाली आल्या नाहीत, अशी त्याची खंत आहे. परेराची अडचण आणि ह्वेइज्याओची अडचण एकाच जातीची होती. फरक इतकाच, की परेरापाशी शब्द नव्हते, केवळ सूर होते. शब्दांचे ओझे उतरले म्हणून त्याची वाट सोपी झाली. चिनी बौद्ध परंपरेने चाली स्वतः घडविल्या आणि त्यांना फानपाइ, म्हणजे भारतीय गान, हे नाव दिले. त्साओ ची या राजपुत्र-कवीला यू पर्वतावर आकाशातून आलेले गान ऐकू आले व त्याने ते टिपून घेतले, अशी त्यांच्या उगमाची आख्यायिका आहे.

कांगशी सम्राटाच्या दरबारात परेराच्या खटपटीचे फळ ग्रंथरूपाने राहिले. त्याने युरोपीय संगीतशास्त्राची चिनी भाषेत ओळख करून देणारी 'ल्यूल्यू त्स्वानयाओ' ही पुस्तिका लिहिली. त्याच्या मृत्यूनंतर १७१३ सालच्या 'ल्यूल्यू चंगयी' या सम्राटप्रणीत संगीतग्रंथाच्या पुरवणी भागात ही सामग्री तेओदोरिको पेद्रीनी या इटालियन धर्मोपदेशकाच्या साहाय्याने समाविष्ट झाली. याच काळात राजदरबारासाठी ज्या नव्या वाद्यघंटा ओतल्या गेल्या त्या गोल, एकस्वरी आणि बाह्य आकाराने सारख्या होत्या. स्वरभेद साधला होता तो भिंतीच्या जाडीने. छ्येनलुंग सम्राटाच्या १७९० मधील सुवर्णघंटाही त्याच धर्तीच्या. पेकिंगमध्ये एकाच वेळी गोल घंटांचे दोन समूह होते. दरबारातला समूह यज्ञयागाच्या संथ लयीत प्राचीनतेचा भास निर्माण करी; मनोऱ्यातला समूह रस्त्यावरच्या लोकांना त्यांच्याच सुरावटी ऐकवी. त्यांतील कोणता अधिक चिनी होता, हे सांगणे मला कठीण वाटते.

परेराचा मनोरा टिकला नाही. पुढे नान्तांग, म्हणजे दक्षिण मंदिर, या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या वास्तूला १७२० व १७३० च्या भूकंपांनी हादरे दिले, १७७५ मध्ये ती आगीत सापडली, १९०० च्या यादवीत पुन्हा जळाली. आजची इमारत १९०४ ची आहे. घंटांचे दैव अनेकदा असेच विचित्र असते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील पोर्तुगीज घंटा देशावर आल्या आणि मेणवली, भीमाशंकर, नाशिक येथील देवळांत आजही नांदत आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर बालयेशूसह मरियमेची आकृती आहे. चीनमध्ये मात्र वस्तू गेली आणि कल्पना उरली. चिनी भाषेत घड्याळाला 'आपोआप वाजणारी घंटा' हाच शब्द रूढ झाला, आणि शांघायचे घड्याळजी रिचीला आपल्या व्यवसायाचा अधिदेव मानून 'ली मातौ फूसा' म्हणून पुजू लागले. 'फूसा' म्हणजे बोधिसत्त्व! लोकभाषेत हा शब्द कोणत्याही देवतेला लावला जातो हे खरे, तरी बौद्ध मताचे खंडन करण्यात आयुष्य घालविलेल्या रिचीला ही पदवी कशी वाटली असती, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

खुंट्यांच्या दंडगोलाने पुढेही चिनी सुरावटींची वाहतूक केली. त्याचेच लहान रूप म्हणजे स्वरपेटी. 'मोलीह्वा', म्हणजे मोगऱ्याचे फूल, हे लोकगीत जॉन बॅरो याने १८०४ च्या आपल्या चीनप्रवासाच्या ग्रंथात स्वरलिपीसह छापले होते. परंतु पुच्चीनीने १९२६ साली रंगभूमीवर आलेल्या 'तुरांदोत' या संगीतिकेसाठी ते उचलले एका परिचिताच्या घरच्या स्वरपेटीवरून. या गीताची चीनमध्ये प्रांतोप्रांती निराळी रूपे आहेत. जगभर पसरले ते मुख्यतः एकच, छापलेले आणि खुंट्यांवर बसलेले रूप.

२० व्या शतकात घंटांवर कोणती सुरावट वाजवावयाची, हा प्रश्न राजकीय बनला. शांघायच्या सीमाशुल्क भवनाच्या मनोऱ्यातील घड्याळ १९२७ पासून वेस्टमिन्स्टरची इंग्रजी धून वाजवीत असे. १९६६ मध्ये ती काढून 'पूर्व लाल आहे' ही सुरावट बसविली गेली. १९८६ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या भेटीच्या वेळी इंग्रजी धून परत आली. १९९७ मध्ये मनोरा मूक झाला आणि २००३ मध्ये 'पूर्व लाल आहे' पुन्हा सुरू झाली. ही सुरावट मूळची उत्तर शान्शी प्रांतातील लोकगीताची. १ ऑगस्ट १९७८ रोजी त्सेंगच्या घंटा चोवीस शतकांनंतर प्रथम लोकांपुढे वाजविण्यात आल्या, तेव्हा आरंभ याच सुरावटीने झाला. १९९७ मध्ये हाँगकाँगच्या हस्तांतराच्या निमित्ताने तान दुन याने रचलेल्या सिंफनीत त्याच घंटांचा नाद आणि 'मोलीह्वा' ही दोन्ही एकत्र आली.

अखेर एका रचनेचा उल्लेख अवश्य करावयास हवा. छान परंपरेतील फूआन (१११५–११६९) या भिक्खूच्या नावाने प्रसिद्ध असलेला एक मंत्र चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या म्हटला जात आहे. त्याचा मोठा भाग अर्थवाही शब्दांचा नाही. त्यात आपल्या वर्णमालेतील क, च, ट, त, प हे पाच वर्ग क्रमाने येतात. चिनी भिक्खू सिद्धम् लिपी ज्या पद्धतीने घोकत, तिचाच हा गाण्यात उतरलेला अवशेष. १५९२ सालच्या एका स्वरसंग्रहात ही चाल छिनवाद्यासाठी लिहिलेली मिळते आणि तेथे तिला 'शतान' असे नाव आहे. ते 'सिद्धम्' या शब्दाचेच रूप होय. पुढे फीफा या वाद्यावर आणि च्यांगनान भागातील वाद्यवृंदांतही ती रुळली. छिनवादक ही रचना वाजविताना दोन तारा एकदम छेडून विहारघंटेचा भास निर्माण करतात. तिची लय संथ आहे, स्वरसमूह पुनःपुन्हा येणारे आहेत, मींड अल्प आहे. कॅरिलॉनवर बसविण्यास याहून अनुकूल चिनी रचना मला दिसत नाही. वर्गाच्या आरंभी एक खर्जाची घंटा द्यावी, तिचा गुंजारव पुरता खाली येईपर्यंत वरच्या घंटांनी सुरावट धरू नये, आणि छिनवर जेथे दोन तारा एकत्र छेडल्या जातात तेथे सप्तकाच्या अंतरावरील दोन घंटा एकदम वाजवाव्यात. याहून अधिक अलंकरणाची तिला गरज पडणार नाही.